दोन ओळींची बातमी

आमच्या सेवा मंडळाचं मासिक वार्तापत्र मी चार वर्षं लिहिलं. ते काम मला कोणी मानाने दिलं नव्हतं. एका बैठकीत मी आमंत्रणपत्रिकेतलं 'सहकुटूंब' दुरुस्त करून 'सहकुटुंब' केलं आणि तेवढ्यावर अध्यक्षांनी ठरवून टाकलं की हिला मराठी येतं. मीही नाही म्हटलं नाही. आपल्याला काहीतरी येतं हे कोणाच्या तरी लक्षात आलं, याचं मला त्या वेळी सुख झालं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मंडळ नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातलं. आइंडहोवनच्या कंपन्यांमध्ये काम करणारी चाळीसेक मराठी कुटुंबं, बहुतेक पुण्या-मुंबईची. गणपती आणि दिवाळी करणारं एक मंडळ इथे आधीपासून होतंच. आमचे अध्यक्ष त्या मंडळाच्या निवडणुकीत पडले आणि पुढच्या दीड महिन्यात त्यांना एकाएकी जाणवलं की आपण या देशाचं देणं लागतो, नुसते मोदक खाऊन चालणार नाही. आमच्या सेवेची सुरुवात ही अशी झाली.

अध्यक्ष पन्नाशीचे. वीस वर्षांपूर्वी आलेले, डच पासपोर्ट घेतलेले, मोठ्या हुद्द्यावरचे. बोलायला गोड होते. कोणाच्याही मुलाचं नाव विसरायचे नाहीत. फोटो काढताना मात्र ते कुठेही उभे असले तरी फोटो निघेपर्यंत मधोमध आलेले असायचे. हे ते कसं करत हे मला चार वर्षांत कळलं नाही.

आमचा पहिला उपक्रम कालव्याकाठचा कचरा उचलण्याचा. खेमेन्तेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, चिमटे, पिवळी जाकिटं आणि पिशव्या दिल्या. अडचण एवढीच होती की कचरा नव्हता. सफाईची गाडी आदल्याच दिवशी येऊन गेली होती. तासभर फिरून आम्हा वीस जणांना बिअरचे तीन डबे, एक हातमोजा आणि चिप्सची काही पाकिटं सापडली. फोटोत पिशव्या रिकाम्या दिसत होत्या. मग सचिवांनी गाडीतून जुनी वर्तमानपत्रं आणली आणि चुरगाळून पिशव्यांत भरली. ते तीन डबे परत गवतात टाकले आणि अध्यक्षांनी ते चार वेळा उचलले, कारण पहिल्या तीन फोटोंत त्यांचे डोळे मिटलेले आले होते. 'कालव्याने घेतला मोकळा श्वास' हा मथळा माझा.

दुसरा उपक्रम वृद्धांच्या निवासात दिवाळी साजरी करण्याचा. तिथल्या मोठ्या खोलीत सात-आठ म्हातारी माणसं टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत बसली होती. आमच्या सांस्कृतिक प्रमुखांनी हसत हसत रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. मग आमच्या मुलांनी पाऊण तास नाच केले. लाडू वाटले, आणि आमच्या मागोमाग तिथली परिचारिका ते लाडू गोळा करत फिरली, कारण निम्म्यांना मधुमेह होता. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मला डचमध्ये विचारलं, "हे अजून किती वेळ चालणार आहे?"

अध्यक्ष माझ्या शेजारीच होते. "काय म्हणतायत?"

"पुन्हा कधी याल, असं विचारतायत," मी म्हटलं.

ते वाक्य वार्तापत्रात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलं. मला त्याची गंमत वाटली होती. आपण या लोकांपेक्षा शहाण्या आहोत, यांच्यात राहून यांना हसतोय, अशा थाटात मी ते सगळं करत होते. वार्तापत्र मात्र वेळेवर निघत होतं.

त्यात तीन भाग असायचे. उपक्रम, निधी-संकलन आणि सदस्यवार्ता. पहिले दोन कोणी वाचत नसे. सदस्यवार्ता सगळे वाचत. कोणाला बढती मिळाली, कोणी घर घेतलं, कोणाची नवी गाडी विजेवर चालते, कोणाचा मुलगा पोहण्याची परीक्षा पास झाला. इथे पावलोपावली पाणी, त्यामुळे प्रत्येक मुलाला कपड्या-बुटांसकट पोहता यावं लागतं, आणि त्याचा दाखला प्रत्येक मुलाला आज ना उद्या मिळतो. दुधाचे दात पडण्याइतकीच ती बातमी. पण आम्ही फोटोसकट छापायचो आणि खाली 'मंडळाला सार्थ अभिमान' असं लिहायचो.

आमच्या मंडळात एक जोडपं होतं. तो सोलापूरकडचा, यंत्रांच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर लिहिणारा, चाळिशीच्या अलीकडचा. कमी बोलायचा. कार्यक्रम असला की तो दोन तास आधी येऊन टेबलं मांडायचा, माइक लावायचा, आणि सगळे गेल्यावर वायरी गुंडाळत बसायचा. कोणाच्या घरचं वॉशिंग मशीन बिघडलं तरी त्यालाच फोन जायचा. त्याची बायको नगरची. मंडळाच्या प्रत्येक मेळ्यात बटाटेवडे तिचे. त्या वड्यांमुळे आमच्या मेळ्याला डच लोक यायचे, बाकी कशासाठी आले असते असं मला वाटत नाही. त्यांना नऊ वर्षांची मुलगी होती. आईशी डचमध्ये बोलायची आणि आई तिला मराठीत उत्तर द्यायची, दोघींचं काही अडत नसे.

जानेवारीत त्याच्या कंपनीने माणसं कमी केली आणि त्यात त्याची नोकरी गेली. आमच्यातल्या अर्ध्या लोकांचा इथला मुक्काम नोकरीच्या परवान्यावर असतो. नोकरी गेली की दुसरी शोधायला तीन महिने मिळतात. तेवढ्यात मिळाली नाही तर घर आवरायचं, मुलांना शाळेतून काढायचं आणि परत जायचं. त्याला एप्रिलअखेरपर्यंतची मुदत होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी तो माझ्याकडे आला. चहा नको म्हणाला, तरी मी केला. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने माझ्यासमोर ठेवला. त्यावर स्वच्छ अक्षरात दोन ओळी होत्या. यंत्र-नियंत्रण प्रणालीचा बारा वर्षांचा अनुभव. नोकरीच्या शोधात आहे, कोणाच्या कंपनीत जागा असल्यास कृपया कळवावे.

"ताई, सदस्यवार्तेत टाकाल का? शेवटी टाकलंत तरी चालेल."

"टाकते की. त्यात काय एवढं."

"ग्रुपवर टाकणार होतो, पण तिथे फक्त पदाधिकाऱ्यांनाच लिहिता येतं. अर्ज तर रोज करतोय. आतल्या कोणी नाव सुचवलं तर निदान मुलाखतीला तरी बोलावतात."

माझ्या कंपनीत भरती बंद होती, ते मी त्याला सांगितलं. "ते माहितीये मला," तो म्हणाला. "तुमच्या साइटवर बघितलं." मग कप स्वतः सिंकमध्ये ठेवून तो गेला. माझ्या स्वयंपाकघरातला दिवा किती तरी दिवस लुकलुकत होता. जाताना खुर्चीवर चढून त्याने तो नीट केला.

मी अंकाचा कच्चा खर्डा अध्यक्षांना पाठवला. तासाभरात त्यांचा फोन आला.

"अगं, छान झालाय अंक. फक्त ती शेवटची बातमी काढ."

"कुठली?"

"नोकरीची. आपल्या सदस्यवार्तेचा एक सूर आहे. लोक सकाळी चहाबरोबर वाचतात. त्यांना प्रेरणा मिळायला हवी."

"दोनच ओळी आहेत."

"ओळींचा प्रश्न नाही गं. तत्त्वाचा आहे. रविवारी बैठकीत बोलू."

रविवारी दुपारी बैठक अध्यक्षांच्या घरी झाली. आम्ही सहा जण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या त्या लांबलचक दगडी ओट्याभोवती उंच स्टुलांवर बसलो. पोहे होते, वर डाळिंबाचे दाणे होते. सेवेवर आमच्यात मतभेद कधी होत नसत, त्या दिवशीही झाले नाहीत.

"आज एकाचं छापलं की उद्या चौघं येतील," सचिव म्हणाले. "आपण काय नोकऱ्या देणारी संस्था आहोत का?"

सांस्कृतिक प्रमुख म्हणाल्या, "मला वाईट वाटतंय त्यांच्यासाठी. खरंच. पण जाहिरातदार काय म्हणतील? ते घरकर्ज सल्लागार आपल्याला पान देतात. त्यांना वाटेल, यांच्या लोकांच्या नोकऱ्या जातायत."

"एवढ्या वर्षांत डच नीट शिकायला हवं होतं त्याने," आणखी एक जण म्हणाला. हे म्हणणारा स्वतः बेकरीत जाऊन पावाकडे बोट दाखवायचा.

"आणि असं बघा," अध्यक्ष आवाज खाली आणून म्हणाले, "कंपनी उगाच कोणाला काढत नाही. काहीतरी असेल. आपल्याला माहीत नसतं."

मी म्हटलं, "त्याला टेबलं मांडायला बोलवताना आपण असं काही विचारत नाही."

असं मी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "दोन ओळीच आहेत तशा," आणि चमच्याने डाळिंबाचे दाणे वेचत बसले. सचिवांनी विषय संपवला. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांच्या मुलीच्या पोहण्याच्या दाखल्याचा फोटो टाकायचं ठरलं. घरी जाऊन मी तो टाकला. अभिमानाचं वाक्यही टाकलं.

अंक निघाला. मी त्याच्या फोनची वाट बघत होते, म्हणजे तो येऊ नये याची वाट बघत होते. तो आला नाही. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, मेळ्याच्या हॉलची चावी कोणाकडे आहे, एवढाच.

वसंत मेळा मार्चमध्ये होता. आमचा निधी गोळा करण्याचा तो मोठा कार्यक्रम. या वेळी जमलेली मदत फूडबँकेला द्यायची होती. गरजू कुटुंबांना दर आठवड्याला किराणा देणारी ही संस्था निवृत्त लोक चालवतात. मला वाटलं होतं, या वर्षी ते दोघं येणार नाहीत. पण ती तीन दिवस आधीपासून बटाटे उकडत होती. मी तिला फोन केला.

"अगं, या वेळी नाही केलंस तरी चालेल."

"शब्द दिलाय ना," ती म्हणाली. "आणि घरी बसून तरी काय करू?"

मेळ्याच्या दिवशी ती हॉलमागच्या छोट्या स्वयंपाकघरात सकाळपासून तळत होती. तो माइक, टेबलं, विजेच्या तारा बघत होता. दुपारी सत्कार झाले. आधी जाहिरातदारांचे, मग पदाधिकाऱ्यांनी एकमेकांचे केले. प्रत्येकाला एक शाल आणि कुंडीतलं एक रोप. मलाही मिळालं. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं, "आणि आता आपली लाडकी वडा टीम." ती टीम आत कढईपाशी उभी होती. कोणी तिला बोलावलं नाही. ज्या बाईंनी स्टॉलवर नुसत्या कागदी बश्या दिल्या होत्या त्याच स्टेजवर गेल्या, रोप घेतलं, नमस्कार केला आणि खाली आल्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. मग टेबलाएवढ्या पुठ्ठ्याच्या चेकमागे सगळे उभे राहिले. अध्यक्ष बघता बघता मध्यभागी आले.

पुढच्या आठवड्यात किराणा फूडबँकेत पोचवायचा होता. सभासदांनी मेळ्याच्या वेळी आणून दिलेली वीसेक खोकी होती. ती गाडीत चढवायला अर्थातच त्याला बोलावलं. मी वार्तापत्रासाठी गेले. अध्यक्ष आणि सचिव फोटोसाठी आले.

तिथे पांढऱ्या केसांची, सत्तरीची एक उंच डच बाई ॲप्रन घालून उभी होती. तिने खोकी उघडायला सुरुवात केली आणि एकेक वस्तू बाजूला काढू लागली. फोडून परत रबर लावलेला पोह्यांचा पुडा. मुदत संपलेले मसाले. कोणाच्या तरी आईने तीन-चार वर्षांपूर्वी सामानातून पाठवलेलं, तेल वर आलेलं लोणचं. लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या सुक्या मेव्याच्या डब्या, आतले बदाम खवट. आमच्या चाळीस घरांनी आपापली कपाटं आवरली होती. बाजूला काढलेला ढीग ठेवून घेतलेल्यापेक्षा मोठा झाला.

"हे आम्हाला देता येत नाही," ती बाई सरळ म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "गरीब लोकांची पोटं इतरांसारखीच असतात."

अध्यक्ष मला म्हणाले, "अगं, तिला सांग, लोणचं आपल्याकडे जितकं जुनं तितकं चांगलं."

मी काही सांगितलं नाही. ते स्वतः वीस वर्षं इथे राहिलेले, त्यांनाच सांगता आलं असतं. ते तिथल्या नव्या फ्रीझरशेजारी फोटो काढायला गेले आणि वीस मिनिटांत दोघंही निघाले.

इतका वेळ तिथल्या शीतखोलीचा गजर मधूनच वाजत होता. कोणीतरी जाऊन बटण दाबायचं, तो थांबायचा, परत वाजायचा. खोकी उतरवून झाल्यावर त्याने त्या बाईला डचमध्ये विचारलं, स्क्रू ड्रायव्हर आहे का. त्याचं डच अडखळत होतं, पण वाक्य पुरं व्हायचं. त्याने दारावरची पट्टी काढली. आत बिजागरीत एक वायर चेपली गेली होती. ती सोडवून, चिकटपट्टी लावून त्याने परत बसवली. गजर थांबला. ती बाई थोडा वेळ दाराकडे बघत उभी राहिली, खरंच थांबलाय याची खात्री करत असावी.

"काय काम करता तुम्ही?" तिने विचारलं.

"सध्या काही नाही. एप्रिलपर्यंत आहे इथे. मग जावं लागेल."

"का?"

त्याने तिला सांगितलं. तीन महिने, परवाना, मुलीची शाळा. ती मधे मधे प्रश्न विचारत होती, साधे, नेमके. कुठली यंत्रं? कुठल्या भाषेत प्रोग्रॅम लिहिता? किती अर्ज केले? मी शेजारी लोणच्याच्या बरण्या परत खोक्यात भरत होते. दोन महिन्यांत आमच्यापैकी कोणीही त्याला यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

तिचा पुतण्या फ्लेव्होलांड प्रांतात बटाटे आणि कांदे निवडायची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात होता. तिने याचा नंबर लिहून घेतला, आणि घेताना म्हणाली, "मी काही कबूल करत नाही. फक्त विचारते." तिने त्याच दिवशी पुतण्याला विचारलं. पुढच्या आठवड्यात मुलाखत झाली, नंतर कारखान्यात एक दिवस प्रत्यक्ष काम बघून झालं. त्या कारखान्याने आधी एका परदेशी इंजिनियरला घेतलं होतं, त्यामुळे परवान्याची मान्यता त्यांच्याकडे होती. मुदत संपायला नऊ दिवस असताना कागद हातात आले. हे मला त्याच्याकडून नाही, मंडळातल्या एकीकडून कळलं. मी अभिनंदनाचा मेसेज केला. 'धन्यवाद ताई' असं उत्तर आलं.

अध्यक्षांनाही कळलं. त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात खराखुरा आनंद होता, त्याबद्दल मी त्यांच्यावर अन्याय करणार नाही.

"अगं, या अंकाची मुख्य बातमी हीच. 'मंडळाच्या उपक्रमातून सदस्याला नवी संधी.' विचार कर, आपण फूडबँकेत गेलो नसतो तर त्याला ही नोकरी मिळाली असती का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"यालाच म्हणतात सेवेचं फळ. त्याच्याकडून चार वाक्यं घे, मंडळाबद्दल. आणि एक फोटो. मुलगी पण असू दे फोटोत."

मी त्यांच्या घरी गेले. गेले नसते तरी चाललं असतं, फोनवर विचारता आलं असतं. मला वाटतं, मला त्यांनी माफ केलंय असं मला बघायचं होतं. घरात खोकी भरायला सुरुवात झाली होती. तो नव्या गावी घर बघायला गेला होता. तिने मला बसायला सांगितलं आणि स्वतः वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत राहिली. मी अध्यक्षांचा निरोप सांगितला. सांगताना तोंड वेडंवाकडं केलं, म्हणजे मी त्यांच्या बाजूची नाही हे तिला कळावं.

तिने हातातली बशी गुंडाळून खोक्यात ठेवली.

"ताई, एक विचारू? ती दोन ओळींची बातमी काढायची ठरली, त्या बैठकीत तुम्ही होतात?"

"होते."

"मग?"

"मी म्हटलं होतं त्यांना, दोनच ओळी आहेत म्हणून."

"आणि मग?"

"मग काही नाही."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "हे म्हणत होते, ताई नसणार बैठकीला. ताई असत्या तर छापलं असतं. मी पण म्हटलं, हो, नसतील."

तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. एखादा हिशोब चुकला होता आणि तो आता जुळला, तशी ती बोलत होती. मुलगी आतून आली, डचमध्ये तिने आईला काहीतरी विचारलं, माझ्याकडे बघून हात हलवला आणि परत आत गेली.

"आमच्याबद्दल काही लिहू नका," ती म्हणाली. "चांगलंही नको."

मी अध्यक्षांना कळवलं की ते दोघं नको म्हणतायत. ते म्हणाले, "संकोची आहेत. परवानगी कशाला लागते, आपलीच माणसं आहेत." मी लिहिणार नाही म्हटलं. ते म्हणाले, बरं. मग बातमी त्यांनी स्वतःच लिहिली. त्यात 'संधि' ऱ्हस्व होती आणि 'कुटुंब' परत दीर्घ झालं होतं. फोटो मेळ्यातला होता. त्यात तो डाव्या कडेला टेबल उचलताना अर्धा दिसत होता आणि मधोमध अध्यक्ष होते. फूडबँकेतल्या बाईचा उल्लेख 'एक स्थानिक महिला' असा होता. आमच्या कालबाह्य मसाल्यांबद्दल अर्थातच काही नव्हतं.

मी संपादनाचं काम सोडत असल्याची मेल केली. तिच्यात कारणं लिहिणार होते, तीन वेळा लिहिली आणि खोडली. शेवटी कामाचा व्याप असं लिहिलं. उत्तरादाखल अध्यक्षांनी अंगठा पाठवला. पुढच्या अंकात माझीही सदस्यवार्ता आली, माझ्या चार वर्षांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल मंडळाला सार्थ अभिमान होता.

मंडळ मी सोडलं नाही. माझ्या मुलीचा नाच तिथेच असतो, तिच्या मैत्रिणी तिथेच आहेत, आणि रविवारी संध्याकाळी इथे दुसरं करण्यासारखं काय असतं, असं मी नवऱ्याला सांगते. वार्तापत्र आता एक तरुण मुलगा काढतो. रंगीत असतं. मी ते उघडते, चुका मोजते आणि बंद करते. ही माझी शुद्धलेखनाची शेखी, एवढंच माझ्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

दीड-दोन वर्षांनी ती मला युट्रेख्टच्या स्टेशनवर भेटली. मी कामासाठी आले होते, परतीची गाडी उशिरा होती. ती फलाटावरच्या बाकावर बसली होती, हातात भाजीची पिशवी होती. तिनेच हाक मारली. मुलगी बरी आहे, त्याचं काम बरं आहे, गाव लहान आहे, वारा फार आहे, असं सांगितलं. फूडबँकेतल्या त्या बाई दोनदा राहायला येऊन गेल्या होत्या. त्यांना वडे तिखट लागतात, पण खातात, असं म्हणून ती हसली.

मग तिने विचारलं, "तुम्ही अजून जाता मंडळात?"

"जाते. मुलीचा नाच असतो."

"हो, ते आहेच," ती म्हणाली.

तिची गाडी आली. मी पिशवी उचलायला हात पुढे केला, पण तिने आधीच उचलली होती. गाडी गेल्यावर मी बराच वेळ तिच्यावर चिडून उभी होते. तिने ते विचारायला नको होतं, असं मला वाटत होतं. तिने वाईट काहीही विचारलं नव्हतं. माझी गाडी आली तेव्हा मला बसायला जागा मिळाली आणि आइंडहोवन येईपर्यंत मी फोनवर पुढच्या मेळ्याच्या कामांची यादी वाचत होते. कागदी बश्या देण्याचं काम माझ्याकडे होतं.